कोर्टापुढचा दगडी शिपाई

दगडाला हात जोडले म्हणून एक बाई माझ्याशी बोलायची थांबली. माझ्याशी लोक पुष्कळ कारणांनी बोलायचे थांबलेले आहेत, त्यातली निम्मी कारणं मी मुद्दाम दिलेली. पण हे कारण मला कळायलाच वेळ लागला, आणि कळल्यावर गिळायला त्याहून जास्त.

पंच्याऐंशी साल असावं. मी दक्षिण कॅरोलायनातल्या एका लहान गावात मुलाकडे राहत होतो. मुलगा सूतगिरणीत इंजिनिअर, सून दवाखान्यात रक्त तपासायच्या कामावर, घरात जेमतेम चालू लागलेली नात. बायको गेली तेव्हा मुलगा धावत आला आणि परत जाताना मलाही घेऊन गेला. मी नको म्हणत होतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, वऱ्हाडातल्या जिनिंगमध्ये रेच्यावर जन्म काढला. रेचा म्हणजे कापसातली सरकी नि रुई वेगळी करायचं यंत्र. त्याचा भुगा छातीत घेऊन मी विमानात बसलो आणि खोकत खोकत अमेरिकेत उतरलो.

तिथं मला काम काहीच नव्हतं. ज्याला आयुष्यभर काम होतं त्याला काम नसलं की तो थकतो, हे तरण्यांना कळत नाही. मुलगा म्हणायचा, "बाबा, आता आराम करा." आराम करून करून माझी पाठ मोडली.

नातीला सांभाळायला एक काळी बाई यायची. साठीच्या पुढची, अंगानं भक्कम, गुडघे दुखायचे म्हणून जिना चढताना देवाला हाका मारायची. पहिले काही महिने ती तिच्या जागी, मी माझ्या. माझं इंग्रजी म्हणजे गिरणीतल्या साहेबाकडून उचललेले चार शब्द, त्यातले दोन शिव्या. तिचं बोलणं तर सुनेलाही दोनदा विचारावं लागायचं.

मग एकदा मुलानं रस्त्याकडेच्या शेतातून पऱ्हाटीची एक फांदी तोडून आणली. "बाबा, बघा, आपल्यासारखीच आहे." फुटलेल्या बोंडांची फांदी. सुनेनं ती हौसेनं फुलदाणीत ठेवली. दुसऱ्या दिवशी बाई आली, तिनं फुलदाणीकडे बघितलं आणि नाक मुरडलं. असली गोष्ट कुणी घरात शोभेला ठेवतं का, असं ते नाक होतं. मग तिनं दोन बोटांनी एका बोंडातला कापूस उपसला. एका ओढीत, टरफलाचा कण न येता. मी बघत होतो. मी उठलो आणि दुसऱ्या बोंडातला तसाच उपसला.

तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि अशी हसली की नात दचकली.

त्या दिवशी आम्ही हातांनीच बोललो. तिनं नखांच्या कडेला टरफलं टोचून पडलेल्या जुन्या खुणा दाखवल्या. लहानपणी खांद्याला लांब पोतं अडकवून ते सरीतून कसं ओढायचं ते कमरेत वाकून दाखवलं, आणि वाकल्यावर परत उठताना पुन्हा देवाला हाक मारली. मी कमरेला टॉवेल बांधून आमच्या बाया वेचलेला कापूस टाकायला ओटा, म्हणजे झोळी, कशी करतात ते दाखवलं. मी स्वतः लहानपणी आईबरोबर वेचणीला जायचो. पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात, शेतात दहीभात ठेवतात, हे सांगायला गेलो तर माझी भाषा संपली. मी फ्रीजमधलं दही काढून फांदीपुढं ठेवलं. तिला वाटलं मला भूक लागली आहे, तिनं चमचा आणून दिला.

तिथून पुढे ती मला घरातल्यांसारखी "बाबा" म्हणू लागली. दुपारी नात झोपली की आम्ही मागच्या दाराच्या पायरीवर बसून वालासारख्या शेंगा सोलायचो. माझ्या धोतराची तिला फार मौज. सुनेला म्हणाली, "चादर बाबानं नेसली, मग पलंगावर काय घातलंस?" मी सुनेला सांगितलं, "तिला म्हणावं, तुझ्या चर्चच्या टोपीवर जेवढी फुलं आहेत तेवढ्यात आमच्याकडे एक लग्न लागतं." सुनेनं सांगितल्यावर ती मला शेंगांची टरफलं फेकून मारायला धावली. त्या देशात कुणी माझी थट्टा करत नव्हतं. सगळे आदर करायचे. आदरानं माणूस एकटा पडतो.

आता त्या दगडाचं.

मी पहाटेचं उठणारा माणूस. उजाडलं की धोतर, कोट, कानटोपी घालून फिरायला निघायचो. गावाच्या मध्ये कोर्टाची इमारत होती, तिच्यापुढं उंच खांब, आणि खांबावर दगडाचा शिपाई. हातात बंदूक, अंगावर जुन्या काळचा कोट. खाली काहीबाही कोरलेलं. मला वाचता येत नव्हतं, पण वाचायची गरजही वाटली नाही. आमच्या गावच्या शिवेवर वीराचा दगड आहे. त्यावर एक माणूस ढाल-तलवार घेऊन उभा. कोण होता, कुणाशी लढला, कशापायी मेला, गावात कुणाला ठाऊक नाही. माझ्या आज्यालाही नव्हतं. पण शिवेवरून जाणारा चप्पल काढतो, हात जोडतो, हाताशी असेल ते फूल ठेवतो. लढून मेलेल्याला विचारत नाहीत.

तसं मी इथं केलं. सुनेच्या अंगणात फुलझाडं होती, त्यातलं एक फूल तोडायचं, खांबापाशी चपला काढायच्या, फूल ठेवायचं, हात जोडायचे, पुढं निघायचं. थंडीतसुद्धा. एवढंच एक काम मला त्या देशात होतं आणि ते मी नेमानं करायचो.

तिथल्या बाकावर एक गोरा म्हातारा काठी टेकून बसायचा. पहिल्यांदा त्यानं नुसतं बघितलं. मग हॅट उचलू लागला. मग माझा हात हातात घेऊन बरंच काही बोलला, त्याचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, याच्या घराण्यातलं कोणी त्या लढाईत गेलं असेल. मी त्याच्या खांद्यावर थोपटलं. वसंतात एक जण कॅमेरा घेऊन आला, माझा फोटो काढला. मी कोटाची बटणं लावून उभा राहिलो.

फोटो गावच्या पेपरात आला. मुलगा गिरणीतून पेपर नाचवत घरी आला.

"बाबा, तुम्ही फेमस झालात! मॅनेजरनं कात्रण ऑफिसच्या भिंतीवर लावलंय. मला म्हणाला, तुझे वडील जेंटलमन आहेत."

"ते मला ठाऊक होतं," मी म्हणालो. "त्याला आज कळलं."

दुसऱ्या दिवशी पेपर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडला होता. बाई आली, पर्स ठेवली, पेपर बघितला. उभ्या उभ्या बघितला. मी दारातून म्हणालो, "गुड मॉर्निंग." ती म्हणाली, "मॉर्निंग, सर."

मला वाटलं थट्टा आहे. मी हसलो. ती हसली नाही. दुपारी नात झोपल्यावर मी पायरीवर जाऊन बसलो, शेंगांची परात मांडून. ती आली नाही. आत वळून बघितलं तर ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून नुसती बसली होती. मी हाक मारली. ती उठून दाराशी आली. "येस, सर? काही हवंय?"

काही नको होतं. मी एकट्यानं शेंगा सोलल्या.

आठवडाभर असंच. कामात कसर नाही, नातीवर माया तीच, मला वेळेवर चहा. फक्त मधे काच आल्यासारखी. शेवटी मी सुनेला विचारलं, "बाईला घरी काही दुखलंखुपलं आहे का?"

सून पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. "बाबा, मला वाटलं तुम्हाला कळलं असेल. तो पुतळा कुणाचा आहे माहीत आहे?"

"शिपायाचा."

"कुठल्या बाजूच्या?"

"लढाई म्हटली की दोन बाजू. एका बाजूचा असेल."

मग तिनं सांगितलं. ती पुण्याची, भरपूर वाचलेली, सांगताना हात हलवायची सवय, पिठाचा हात. सव्वाशे वर्षांपूर्वी या देशाचे दोन तुकडे पडले आणि भाऊ भावाशी लढले. इकडच्या राज्यांत काळ्या माणसांना गुरांसारखं विकायचे नि विकत घ्यायचे, कापसाची सगळी शेती त्यांच्या पाठीवर. वरची राज्यं म्हणाली हे आता पसरू द्यायचं नाही. इकडची म्हणाली, मग आम्ही वेगळे. "तो शिपाई गुलामी राहावी म्हणून लढणाऱ्यांच्या बाजूचा आहे, बाबा."

"मग जिंकले?"

"हरले."

"हरले आणि दगड उभारला? मग चांगलेच लढले असतील. आपण पानिपत सांगतोच की."

"बाबा!"

"ओरडू नको. मेलेल्या माणसाला बाजू नसते. तो बिचारा कुणाचा तरी पोरगा. त्याला कुणी विचारून नेलं होतं का?"

"ते खरं आहे हो. पण तो मेल्यावर दगड लगेच नाही बसवला. लढाई संपून चाळीस-पन्नास वर्षांनी बसवला. कशाला? या लोकांना रोज दिसावं म्हणून, की हरलो तरी मालक आम्हीच. बाईंचे वडील त्याच्यासमोरून जाताना गोरा माणूस आला की फुटपाथ सोडून रस्त्यात उतरायचे. उतरावंच लागायचं. बाईंनीच सांगितलंय मला."

सून पुन्हा लाटायला लागली आणि लाटता लाटता म्हणाली, "आणि तुमचे आजोबा सांगायचे ना, एकदा कापसाला सोन्याचा भाव आला होता, बैलांच्या शिंगांना लोकांनी चांदीच्या शेंब्या घातल्या? तो हाच काळ. इथं लढाई लागली, इथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून साहेबानं आपल्याकडचा उचलला. इथली लढाई संपली नि आपला भाव पडला."

माझा आजा ही गोष्ट दर दिवाळीला सांगायचा. तेव्हा तो पोर होता. त्यानं कधी विचारलं नाही भाव का आला आणि का गेला. पाऊस यावा-जावा तसा आला नि गेला. मला ती गोष्ट फार आवडायची. सुनेनं एका पोळीच्या अवधीत ती माझ्यापासून काढून घेतली, असं मला वाटलं, आणि मी तिच्यावर उगाच चिडून जेवण टाकून उठलो.

मी कोर्टाकडे जायचं सोडलं नाही. दुसऱ्या दिवशीही गेलो. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर मुलानं मंडळींत सांगताना गोष्ट गोड केली की बाबांना कळलं आणि बाबांनी लगेच सोडलं. तसं नाही. मला कुणी सांगितलं की हे करू नको, की माझे पाय तिकडेच वळतात. मी गेलो, चपला काढल्या, फूल हातात होतं. पण ठेवता येईना. वर बघितलं तर शिपायाच्या तोंडावर पक्ष्यांनी घाण केली होती. गोरा म्हातारा बाकावरून बघत होता. मी फूल कोटाच्या खिशात घातलं आणि घरी आलो. ते धुण्यात गेलं.

त्याच सुमाराला बोलावणं आलं. गावच्या जुन्या घराण्यांतल्या बायकांचं एक मंडळ होतं. त्या शिपायांचा दरवर्षी वसंताच्या शेवटाला एक दिवस असतो. भाषणं, बँड, फुलांचं चक्र. यंदा ते चक्र माझ्या हातून ठेवावं असं त्यांच्या मनात होतं. मॅनेजरची आई त्या मंडळाची मुख्य. निरोप मॅनेजरनंच मुलाला दिला.

"पाच मिनिटांचं काम आहे, बाबा," मुलगा म्हणाला. "फूल ठेवायचं, फोटो, घरी. तुम्ही रोज करताच की."

"मी माझं करतो. बोलावून हात जोडायला लावतात त्याला नोकर म्हणतात."

"बाबा, प्लीज, हट्ट नको." तो थकलेला दिसत होता. बाहेरच्या देशांतून स्वस्त कापड येत होतं, आजूबाजूच्या गिरण्या एकेक बंद पडत होत्या. कोणाला ठेवायचं, कोणाला नाही, ते मॅनेजरच्या हातात. मुलगा रोज उत्तरेकडच्या शॉमबर्ग गावातल्या मित्राला फोन लावून तिकडे नोकरी आहे का विचारायचा. "मी सहा वर्षं इथं आहे. दुकानात लोकांना कळत नाही आमच्याशी कसं बोलायचं. ना गोरे, ना काळे. आता पहिल्यांदा हे लोक आपल्याला आपलं म्हणताहेत."

"आपलं म्हणायला मी काय हरवलेलं वासरू आहे?"

"तुम्हाला विनोद सुचतात. मला नोकरी करायची आहे."

हे खरं होतं. मी कॉटवर आडवा झालो. छताला एक पंखा होता, तो फिरत नव्हता, मी त्याच्याकडे बघत राहिलो. एका बाजूला पोटचा पोरगा. दुसऱ्या बाजूला एक परकी बाई, जिच्याशी माझं धड एक वाक्य झालेलं नव्हतं. यात तोलायचं काय, असं कोणीही म्हणेल. मी तोलत होतो आणि त्याची मलाच चीड येत होती.

शनिवारी मी सुनेला म्हणालो, "मला त्या बाईच्या घरी ने."

"कशाला?"

"विचारायला."

"काय विचारणार?"

"ते तिथं गेल्यावर बघू."

तिचं घर रुळांच्या पलीकडे होतं. लाकडी, पांढऱ्या रंगाचं, पुढं ओसरी. ती ओसरीत बसून चर्चला घालायच्या टोपीची फुलं नीट करत होती. आम्हाला बघून उठली नाही, पण खुर्च्यांकडे हात केला. आम्ही बसलो. तिनं थंड चहा आणला, त्यात इतकी साखर की आमच्याकडचा पाहुणचार आठवला.

मी सुनेला म्हणालो, "तिला सांग, आमच्याकडे लढून मेलेल्याला हात जोडतात. बाजू विचारत नाहीत."

सुनेनं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं. मग ती बोलू लागली, आणि सून थोडं थोडं करून मला सांगत गेली.

तिच्या आजीचा जन्म गुलामीतला. लढाई संपली तेव्हा आजी सात-आठ वर्षांची. आजीला एक मोठा भाऊ होता. लढाई चालू असतानाच मालकाला पैशाची अडचण आली आणि त्यानं त्या भावाला विकलं. विक्री कोर्टाच्या पायऱ्यांवर व्हायची. आजी आईच्या पदराला धरून उभी होती. पुन्हा तो दिसला नाही. लढाई संपल्यावर, सगळे सुटले म्हणाल्यावर, तिची आई गावोगाव विचारत फिरली. मग दमली, आणि परत त्याच शेतात कापूस वेचायला लागली, कारण दुसरीकडे कुठे जाणार? शेत तेच, मालक तोच, पोतं तेच. नाव बदललं. आजीनं वेचला, आईनं वेचला, हिनं वेचला.

"आता तो खांब आहे ना," बाई म्हणाली, "तिथंच समोर."

नंतर तिनं थेट माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही फूल कुणासाठी ठेवलं?"

"जो मेला त्याच्यासाठी," मी म्हणालो.

"माझ्या आजीचा भाऊही मेलाच असेल. त्याचा दगड कुठं आहे, तेवढं मला सांगा. मीही फूल नेईन."

सुनेचा आवाज हे सांगताना बारीक झाला. मी चहा प्यायलो. मला आमची शीव आठवली. वर्षातून एकदा त्या वीराला शेंदूर लावायचे, नारळ फुटायचा, आणि गावातली काही माणसं लांब बांधापाशी उभी असायची. त्यांना पुढं यायची मुभा नव्हती. प्रसाद त्यांच्याकडे फेकायचे. तो वीर त्यांचा कोण होता, हे त्यांना कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. हे मी तिथं बोललो नाही. इथं लिहितो.

मी म्हणालो, "तिला सांग, मी त्या कार्यक्रमाला जाणार नाही."

मला वाटलं होतं तिचा चेहरा सैल होईल. बाई टोपीचं फूल टोचत होती. ती काहीतरी बोलली आणि सून खाली बघू लागली.

"काय म्हणाली?"

"जाऊ द्या, बाबा."

"मी इतक्या लांब जाऊ द्या ऐकायला आलो नाही."

"त्या म्हणतात, मी तुम्हाला जाऊ नका असं म्हटलेलं नाही. जा नाहीतर नका जाऊ, सोमवारी मला कामावर यायचंच आहे. आणि विचारतात, सगळं ठीक आहे असं माझ्या तोंडून ऐकायला आलात का?"

मी उठलो. खरं सांगायचं तर मी तेवढ्यासाठीच गेलो होतो. निघताना तिनं सुनेला नातीच्या खोकल्याचं औषध संपल्याचं सांगितलं. मला काही नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी मी घरी राहिलो. मुलगा सूट घालून गेला. जाताना माझ्याकडे बघितलंही नाही, टायची गाठ तीनदा सोडून बांधली. तिथं त्यानं काय सांगितलं हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, बेल वाजल्यावर.

दार बाईनं उघडलं. बाहेर मॅनेजरची आई, मोत्यांची माळ, पांढरे हातमोजे, हातात झाकलेली काचेची थाळी. मागे आणखी एक बाई, तिच्या हातात डबा. आजारी माणसासाठी घरी रांधलेलं घेऊन येण्याची तिकडे रीत आहे, आमच्याकडे मौतीच्या घरी पिठलं-भाकरी नेतात तशी. मुलानं सांगितलं होतं, बाबा आजारी आहेत, नाहीतर नक्की आले असते.

मी पलीकडच्या खोलीत कॉफीचा कप घेऊन बसलो होतो. धडधाकट. मोत्यांवाली आमच्या बाईला थाळी देत म्हणत होती, ओव्हनमध्ये गरम करून त्यांना दे, सांग आम्ही प्रार्थना करतोय. आणि आमची बाई दोन्ही हातांनी थाळी धरून "येस, मॅम" म्हणत होती. तिला ठाऊक होतं मी का गेलो नाही. त्या गावात आमच्या घराबाहेर एवढं तिलाच ठाऊक होतं, आणि माझ्या पोराचं खोटं तिला हातात धरून उभं राहावं लागत होतं.

गप्प बसणं सोपं होतं. पोराची नोकरी मला कळत होती. तरी मी उठलो. त्यात पुण्य-बिण्य नव्हतं. मी आजारी आहे असं माझ्यादेखत कोणी म्हणतंय हे मला सहन होईना. पहिलं कारण तेच. दुसरं नंतर आलं, दारापर्यंत पोचेपर्यंत.

"गुड आफ्टरनून," मी म्हणालो. "आय नॉट सिक."

मोत्यांवाली हसली. "ओह, बरं वाटतंय का आता?"

"नो सिक. यस्टर्डे नो सिक. आय नॉट कम." आणि मग मला शब्द मिळेना, म्हणून मी आमच्या बाईकडे बोट केलं, आणि कोर्टाच्या दिशेला, आणि हातानं नको म्हटलं. "हर पीपल. सेल. देअर. आय नॉट कम."

तिचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येत नाही. चिडला नाही. दार लावून घ्यावं तसा बंद झाला. तिनं थाळी परत मागितली नाही, त्यांच्यात ते बसत नाही. "हॅव अ गुड डे," म्हणाली, आणि दोघी उतरून गेल्या.

मुलगा माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. ते कात्रण मॅनेजरच्या भिंतीवरून गेलं. गोऱ्या म्हाताऱ्यानं हॅट उचलायचं सोडलं, मीही तो रस्ता सोडला. नोकरीवरून मुलाला काढलं नाही. पुढल्या वर्षी गिरणीच बंद पडली, तेव्हा मॅनेजरही घरी बसला. पण त्या वर्षभर पोरगा कामावर जाताना कसा जायचा ते मी बघितलेलं आहे. त्यानं मला कधी टोचून दाखवलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, मलाही उलट बोलता आलं असतं.

त्या दुपारचं राहिलं. दोघी गेल्यावर बाईनं दार लावलं, थाळी टेबलावर ठेवली, झाकण उघडून बघितलं. पीचचा 'पाय' होता, म्हणजे आत ती फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, वर जाळीदार पीठ.

"तुम्हाला आता दुसरा मिळायचा नाही," ती म्हणाली. एवढं मला सुनेशिवाय कळलं.

तिनं दोन बशा काढल्या. थाळीतले दोन तुकडे कापले. एक बशी माझ्यापुढं सरकवली आणि समोरची खुर्ची ओढून बसली, गुडघ्यांसाठी देवाला हाक मारत. तिनं मला बाबा म्हटलं नाही, सरही म्हटलं नाही. दोघांनी खाल्लं. मला ते फार गोड झालं. माझं अंग दुखत होतं, जसं रेच्यावरच्या पाळीनंतर दुखायचं, आणि तीही दिवस उतरल्यासारखी बसली होती.

मग ती बोलू लागली. आजीबद्दल. त्या भावाबद्दल, त्याचं नाव घेऊन, दोनदा. त्याच्या कपाळावर कसली तरी खूण होती, बैलाचं किंवा घोड्याचं काहीतरी झालं होतं. त्याची आई गावोगाव गेली तेव्हा लोकांना ती खूण सांगायची. मला अर्धं कळत होतं, अर्धं नाही. मधे मधे मी मान हलवत होतो.

ती थांबली. काटा खाली ठेवला.

"कळत नसेल तर मान हलवू नका," ती म्हणाली, सावकाश, एकेक शब्द मोकळा करून.

मी मान हलवायचं बंद केलं. तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.